सिस्ट निघाली, आता ऑपरेशन?

सीवूड्सहून एक तेहतीस वर्षांची मुलगी आमच्या ओपीडीत आली. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली आणि उजव्या अंडाशयात ४.६ सेंटिमीटरची सिस्ट निघाली. दुखणं नाही, पाळी वेळेवर. पण रिपोर्ट आल्यापासून तिची झोप उडालेली. एका ठिकाणी तिला आठवडाभरात दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं होतं, पॅकेजचा आकडाही लिहून दिला होता. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गाठ आहे ना, मग काढूनच टाका. डोक्याला ताप नको."

'गाठ' हा शब्दच घात करतो. तो ऐकला की आपल्याकडे थेट कॅन्सरच डोळ्यांसमोर येतो. खरं तर पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याची एक पिशवी तयार होतेच. दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की ती फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही, वाढत राहते. कधी बीज गेल्यावर त्या जागी पाणी किंवा रक्त साठतं. अशा सिस्ट बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. गर्भनिरोधक गोळ्या देऊन त्या लवकर जात नाहीत, हेही तपासून झालं आहे.

म्हणून मी आधी आकडा नाही, तर गाठीच्या आत काय आहे ते वाचते. भिंत पातळ, आत नुसतं पाणी, घट्ट भाग नाही, अशी गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर या वयात सहसा काहीच करावं लागत नाही. पाच ते सात असेल तर वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. त्यापुढे गेली तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार. डर्मॉइड (हिच्यात केस, चरबी, कधी चक्क दातही सापडतात) आणि चॉकलेट सिस्ट सहसा जिरत नाहीत, पण म्हणून लगेच कापायला हव्यात असंही नाही. चॉकलेट सिस्ट काढताना भिंतीबरोबर निरोगी अंडाशयाचा थरही निघतो आणि बीजांचा साठा घटतो. जिला अजून मूल हवं आहे, तिला हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त अनेक देशांतल्या १९१९ स्त्रियांचा अभ्यास आला. सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसणाऱ्या त्यांच्या गाठी न कापता लक्ष ठेवलं गेलं. त्यांत डर्मॉइड आणि चॉकलेट सिस्टही होत्या, तरी दोन वर्षांत पाचातली एक गाठ आपोआप गेली. कॅन्सर निघाला दर हजारी सुमारे चौघींना. गाठीला पीळ पडण्याचं प्रमाणही तेवढंच.

मुलीच्या फाइलमध्ये सीए-१२५ ही रक्ताची तपासणीही होती, जरा वाढलेली. तिनेच ती जास्त घाबरली होती. पण हा आकडा एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, पोटाचा टीबी, इतकंच काय, नुसत्या पाळीतही वाढतो. पाळी गेल्यानंतर मात्र त्याला वजन येतं.

हे सांगत असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझंही पोट हल्ली फुगतं. दोन घासांत भरतं. गॅसच असणार." वय एकसष्ट, पाळी जाऊन दहा वर्षं, तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू. मी त्यांना त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवलं. गाठीत घट्ट भाग होता, पोटात पाणी होतं.

अशा गाठीत सुई घालून पाणी काढायचं नसतं. कॅन्सर अंडाशयापुरताच असेल, तर गाठ पोटात फुटल्याने त्याची पायरी वाढते. हे काम कॅन्सरच्या शल्यविशारदाचं. त्यांना परळला टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. "सुनेला दाखवायला आले होते मी," एवढंच त्या म्हणाल्या.

सुनेला एक गोष्ट दोनदा बजावली. एका बाजूला अचानक असह्य कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहायची नाही. पीळ पडलेलं अंडाशय वेळेत सोडवलं तर वाचू शकतं, काळंनिळं दिसत असलं तरी.

तीन महिन्यांनी, पाळी संपल्या संपल्या केलेल्या सोनोग्राफीत तिची गाठ नव्हती. रिपोर्ट दाखवायला ती एकटीच आली, घाईत होती. सासूबाईंचा केमोचा तिसरा डोस त्याच दिवशी होता.