कुत्र्यातील स्वामित्वजन्य आक्रमकता
खेळणे, हाड, अन्न किंवा निजण्याची जागा कोणी हिरावून घेईल या भीतीने कुत्र्याने केलेला प्रतिकार. कोणी जवळ येताच अंग ताठ करणे, वस्तू तोंडात घट्ट धरणे, डोळ्यांच्या कडेने पाहणे, गुरगुरणे, दात दाखविणे व अखेर चावणे, अशा सामान्यतः चढत्या क्रमाने तो व्यक्त होतो. ही वृत्ती मूलतः स्वाभाविक असून पिलांतही आढळते.

गुरगुरणे ही चावण्यापूर्वीची सूचना होय. त्याबद्दल मारल्यास सूचना नाहीशी होते, भीती मात्र वाढते; असा कुत्रा पुढे न गुरगुरताच चावण्याचा संभव असतो. म्हणून वस्तू ओढून न घेता तिच्याहून अधिक आवडीचे खाद्य दुरून टाकावे. कुत्रा वस्तू सोडून बाजूला झाल्यावर ती उचलावी व शक्य असेल तेव्हा परत द्यावी. माणूस जवळ येण्यात आपला लाभ आहे, हे त्याच्या मनावर हळूहळू ठसते. ‘सोड’ ही आज्ञाही याच रीतीने शिकवितात.

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कारखान्याच्या राखणीसाठी कुत्रा ठेवल्यास त्याचा संबंध पाळीपाळीने येणाऱ्या अनेक पहारेकऱ्यांशी येतो. त्या सर्वांनी हीच पद्धत अनुसरणे आवश्यक असते. लहान मुलांना अशा कुत्र्यापासून दूर ठेवावे. ही वृत्ती एकाएकी उद्‌भवल्यास तिच्यामागे शारीरिक वेदना असू शकते. अशा वेळी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय सल्ल्याने अलर्क रोगाची (रेबीजची) लस विनाविलंब टोचून घ्यावी.