पालींची वंशावळ

उचगावातल्या एका घरी, जिथे पूर्वी भाताची पोती रचलेली असत त्या खोलीत, आता मांडणीवर भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे आहेत. डब्यागणिक एक पाल. लेपर्ड गेको. आपल्या घरातल्या पालीसारखी ही भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणारे तळवेच नाहीत. तिला पापण्या आहेत, ती डोळे मिटते, आणि जाडजूड शेपटीत चरबी साठवते. एका डब्यावर चिठ्ठी होती, ‘मॅक स्नो, हेट ट्रेम्पर, मादी’. आतली पाल मात्र मला चांगली पिवळसर दिसली. स्नो म्हणजे बर्फ, मग ही पिवळी कशी?

“काका, रंगाकडं बगू नका. चिठ्ठी बगा की,” पाळणारा तरुण म्हणाला.

दारात त्याचे आज्जा बसले होते. त्यांचं अर्धं आयुष्य बैलांच्या बाजारात गेलेलं, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिल्लार बघण्यात आणि दाखवण्यात. त्यांना हे पटण्यासारखं नव्हतं. “रंगाकडं न बगता जनावर घेतात व्हय?”

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. आज्जांच्या बाजारात ‘काजळी’ म्हटलं की डोळ्यांच्या कडा, नाक, खुरं काळी. ‘कोसा’ म्हटलं की अंगावर राखाडी-काळसर झाक. समोरच्यानं बैल न बघता डोळ्यांपुढे आणावा यासाठीच ते शब्द आहेत. म्हसवड, आटपाडी महाल ही नावं मुलखावरून आलेली. त्यात रंग नाही, घराणं आहे. नातवाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांत या दोन्ही तऱ्हा आहेत, पण भर तिसऱ्याच गोष्टीवर आहे. जनावराच्या अंगात कोणता गुण आहे आणि तो पिल्लांत कसा उतरेल, हे तिथे लिहिलेलं असतं. या रंगप्रकारांना पाळणारे ‘मॉर्फ’ म्हणतात.

मूळ जनावर अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ मुलखातलं. एडवर्ड ब्लिथनं १८५४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. या पालीचे नातेवाईक आपल्याकडेही आहेत. पश्चिम भारतात एक जात आहे, आणि सातपुड्यातली आणखी एक २०१४ मध्ये वेगळी ओळखली गेली. आपल्या रानात यातली पाल दिसली की विषारी समजून ठेचतात. ती विषारी नाही. आणि डब्यातल्या रंगीत पालींचा या रानातल्या भावंडांशी काही संबंध नाही. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरातच वाढल्यात. रानातली उचलून आणायचा विचारही कुणी करू नये.

मॅक स्नोचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा खरोखरच काळं-पांढरं पट्टेदार असतं, पिवळ्याचा लवलेश नाही. मोठं होताना पट्टे मोडून ठिपके होतात आणि पुष्कळदा अंगावर पिवळेपणा चढतो. नाव तेच राहतं, कारण नाव त्या गुणाला दिलेलं आहे. हे मी सांगितल्यावर आज्जा हसले. खिल्लारीचं वासरू जन्मतं तेव्हा माथ्यावर तांबूस असतं आणि काही महिन्यांत तो तांबडेपणा जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नवख्याला तांबडं म्हणून विकलेलं वासरू पांढरं निघाल्याच्या गोष्टी त्यांच्याकडे आहेत.

मॅक स्नो हा गुण आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. दोघांकडून आला तर वेगळंच जनावर तयार होतं, त्याला सुपर स्नो म्हणतात. डोळे पूर्ण काळे, पांढरट अंगावर ठिपक्यांच्या रांगा. मॅक स्नोची मॅक स्नोशी जोडी लावली तर सरासरी चार पिल्लांत एक असं निघतं. इथवर हिशेब सरळ आहे. पण पुढच्याच डब्यावर ‘सुपर हायपो’ लिहिलंय, आणि त्या ‘सुपर’चा अर्थ निराळा. हायपो म्हणजे अंगावर ठिपके कमी, साधारण दहाच्या आत. सुपर हायपो म्हणजे धडावर ठिपकाच नाही. म्हणजे एका चिठ्ठीत ‘सुपर’ वंशाबद्दल बोलतो, दुसरीत नुसत्या दिसण्याबद्दल. ज्यानं ही नावं रूढ केली त्याला बैलबाजारात कुणी दलाली करू दिली नसती.

‘हेट’ म्हणजे गुण अंगात आहे पण दिसत नाही. त्याचीही टक्केवारी असते. दोन्ही पालक हेट असतील तर त्यांच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांत तीनापैकी दोन हेट असतात, म्हणून चिठ्ठीवर ‘६६ टक्के हेट’. तो गुण दोन तृतीयांश अंगात आहे असा त्याचा अर्थ नव्हे. तो असण्याची शक्यता तेवढी. ग्राहक इथे हटकून चुकतो, आणि काही विकणारे त्याला चुकू देतात.

खरी गंमत अल्बिनोंची. अंगात काळा रंग नसलेल्या पाली अमेरिकेत १९९० च्या दशकापासून वेगवेगळ्या पाळणाऱ्यांकडे निघाल्या आणि त्यांच्या आडनावांवरून ओळखल्या जाऊ लागल्या. ट्रेम्पर, रेनवॉटर, बेल. दिसायला तिन्ही सख्ख्या बहिणी. पण ट्रेम्पर आणि बेल यांची जोडी लावा, एकही पिल्लू अल्बिनो निघत नाही. सगळी साधी, काळ्या ठिपक्यांची. कारण तिघींत बिघाड वेगवेगळ्या जागी आहे. एकीत जे मोडलंय ते दुसरीत शाबूत आहे, त्यामुळे पिल्लाला दोन्हीकडून एकेक चांगली प्रत मिळते. त्या साध्या पिल्लांची आपसात जोडी लावली की सोळांत सरासरी नऊ साधी आणि सात अल्बिनो. ती सात कुठल्या आडनावाची, हे त्यांच्याकडे बघून खात्रीनं सांगता येत नाही.

त्यात तापमानाचा घोळ. या पालींत नर की मादी हे अंडं किती उबेत ठेवलं त्यावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२ ते ३३ ला बहुतेक नर, आणि त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या. उबेचा रंगावरही परिणाम होतो. थंड ठेवलेली अंडी गडद पिल्लं देतात, उबदार ठेवलेली उजळ. म्हणून नारिंगी ‘टँजरिन’ नुसत्या फोटोवरून घेऊ नये. या मुलाच्या वहीत प्रत्येक अंड्यापुढे तापमान लिहिलंय, जोडीतल्या दोघांच्या डब्यांचे क्रमांक लिहिलेत. मला ती वही पालींपेक्षा जास्त आवडली.

बाजारात मात्र वहीला भाव नाही, नव्या नावाला आहे. एनिग्मा नावाचा प्रकार असाच गाजला, सुंदर विस्कटलेले ठिपके. मग लक्षात आलं की यातल्या अनेक पाली मान वाकडी करतात, जागच्या जागी गोल फिरतात, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकवतात. लेमन फ्रॉस्टचं त्याहून वाईट. लिंबासारखा झळाळता पिवळा, बघताक्षणी पैसे काढावेत असा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या झळाळीचं मूळ ‘स्पिंट-१’ या जनुकाशी जोडलं गेलं. प्रकाश परतवणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात म्हणून अंग चमकतं, आणि त्याच पेशींच्या पांढऱ्या गाठी पुढे ८० टक्क्यांहून जास्त पालींच्या अंगावर उठतात. इथे रंग आणि रोग वेगळे काढताच येत नाहीत. तरी असलं जनावर कुणाकडे तरी विकायला असतंच.

“ह्याच्याकडं हाय का तसली?” आज्जांनी विचारलं.

नव्हती. पण खालच्या फळीवरच्या तीन डब्यांवर मॉर्फचं नावच नव्हतं. सुरुवातीला कुणीतरी नुसतं ‘अल्बिनो’ म्हणून दिलेल्या जोडीची ही पिल्लं, तिन्ही साधी ठिपक्यांची. म्हणजे आई-बाप बहुधा वेगवेगळ्या आडनावांचे, आणि कुठली आडनावं ते कळायला मार्ग नाही. अंगानं धडधाकट, मीलवर्म अळ्यांवर तुटून पडणारी. त्यांची जोडी तो लावणार नाही. चिठ्ठीवर त्यानं ‘वंश माहीत नाही, फक्त पाळायला’ एवढंच लिहिलंय, आणि शेजारच्या गावातला एक मुलगा त्यातली एक घेऊन जाणार आहे, फुकट.