उतरत्या वयाचा चढता भाव

दिवाळीच्या आगेमागे अमेरिकेत बेसबॉलची वर्ल्ड सिरीज आटोपते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मैदानं ओस पडतात. खेळ थांबतो, गप्पांना मात्र तेव्हाच ऊत येतो. या दिवसांना तिथे ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. पूर्वी गावातल्या दुकानात पेटत्या शेगडीभोवती हात शेकत मंडळी बसायची आणि पुढच्या मोसमात कोण कुठल्या संघातून खेळणार याची भाकितं करायची, त्यावरून पडलेलं हे नाव. शेगड्या गेल्या, भाकितं राहिली. त्यांतला हमखास पेटणारा वाद वयाचा: तिशी ओलांडलेल्या नामांकित खेळाडूशी किती वर्षांचा करार करावा, आणि किती पैशांचा?

या वादात एक नाव हटकून निघतं ते अल्बर्ट पुहोल्सचं. सेंट लुइस कार्डिनल्सकडून ११ मोसम, ४४५ होमरन, तीनदा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन जगज्जेतेपदं. डिसेंबर २०११ मध्ये डॅलसला क्लबांची हिवाळी बैठक भरली, तेव्हा लॉस एंजेलिस एंजल्सनं त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी डॉलर कबूल केले. तो महिनाभरात ३२ वर्षांचा होणार होता. करार संपेल तेव्हा त्यानं एक्केचाळिशी गाठलेली असेल, ही बेरीज शाळकरी पोरालाही जमली असती.

पुढची कथा त्या बेरजेपेक्षाही कडू निघाली. कार्डिनल्सकडे असताना पुहोल्स दर हजार संधींत ३२८ वेळा यशस्वी फटका मारत होता. एंजल्सकडे हा आकडा २५६ वर घसरला. टाच दुखावली, धाव मंदावली. त्या दशकात संघ बादफेरीत एकदाच पोचला, २०१४ साली, आणि तिन्ही सामने हरून परतला. मे २०२१ मध्ये, कराराचा शेवटचा मोसम चालू असतानाच, एंजल्सनं त्याला मोकळं केलं. पैसे मात्र पुरते मोजावे लागले, कारण बेसबॉलमध्ये खेळाडूला घरी बसवलं तरी कराराची रक्कम चुकत नाही.

वयाचा हिशेब क्लबांना ठाऊक नसतो असं नाही. पिचरनं ताशी दीडशे किलोमीटरनं फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्यात तो ओळखायचा, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. यातली केसभर ढिलाईसुद्धा लपत नाही. बिल जेम्स या आकडेवारीच्या अभ्यासकानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं की फलंदाजाचा बहर सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास असतो. तरीही करार चाळिशीपर्यंत का जातात?

उत्तर जुन्या गुलामीत आहे. पूर्वी ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाच्या कलमामुळे खेळाडू जन्मभर एकाच क्लबच्या दावणीला बांधलेला असे. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूनं आपली परस्पर झालेली बदली नाकारली आणि कोर्टात धाव घेतली. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. मार्विन मिलरच्या नेतृत्वाखालच्या खेळाडूंच्या संघटनेनं लढा सोडला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झनं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूनं निवाडा दिला आणि दावं सुटलं. पण १९७६ च्या तडजोडीत अट आली: सहा वर्षं सेवा होईपर्यंत मोकळीक नाही.

मेख इथेच आहे. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी आलेला खेळाडू बाजारात उतरतो तो तिशीच्या तोंडावर, म्हणजे बहर ओसरू लागताना. पहिली वर्षं तो तुलनेनं चिल्लरीवर राबतो. २००१ साली पुहोल्स एकमतानं सर्वोत्तम नवोदित ठरला, त्या वर्षी त्याचा पगार होता २ लाख डॉलर. २००३ मध्ये फलंदाजीच्या सरासरीत तो लीगमध्ये अव्वल आला, पगार ९ लाख. पुढे कार्डिनल्सनं सात वर्षांचे १० कोटी दिले आणि सर्वोत्तम खेळाडूचे तिन्ही मान त्याच काळात पदरात पाडून घेतले. स्वस्तात सोनं त्यांना मिळालं. उधारी चुकवायला एंजल्स आले.

लांब करारांमागे हिशेबनिसाची बुद्धीही असते. बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही, पण ठरावीक रकमेपलीकडे गेलेल्या क्लबला कर भरावा लागतो, आणि तो मोजतात कराराच्या वार्षिक सरासरीवर. रक्कम तीच ठेवून वर्षं वाढवली की सरासरी उतरते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियानं ब्राइस हार्परला ३३ कोटी डॉलर दिले ते १३ वर्षांवर पसरून. शेवटची दोन-चार वर्षं वाया जाणार हे गृहीत धरूनच अशा सह्या होतात.

शिवाय वय सगळ्यांशी सारखं वागत नाही. बोस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ २०१६ मध्ये ४० वर्षांचा असताना ३८ होमरन मारून निवृत्त झाला. तो ‘डेझिग्नेटेड हिटर’ होता, म्हणजे फक्त फलंदाजी करायची, क्षेत्ररक्षणाची दगदग नाही. कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेल्या जस्टिन व्हरलँडरनं ३९ व्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. असे एक-दोन अपवाद दिसले की प्रत्येक क्लबला वाटतं, आपला माणूसही त्यातलाच.

पुहोल्सच्या गोष्टीला शेवटी आणखी एक वळण आहे. डेझिग्नेटेड हिटरची सोय १९७३ पासून अमेरिकन लीगमध्येच होती. म्हणूनच थकत चाललेला फलंदाज त्या लीगमधल्या एंजल्सला परवडण्यासारखा वाटला, नॅशनल लीगमधल्या कार्डिनल्सला तो धोका होता. २०२२ मध्ये ही सोय दोन्हीकडे लागू झाली आणि त्याच मोसमात कार्डिनल्सनं ४२ वर्षांच्या पुहोल्सला २५ लाख डॉलरमध्ये परत बोलावलं. त्यानं २४ होमरन मारले. २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याचा सातशेवा होमरन झाला. त्याआधी हा टप्पा फक्त बेब रूथ, हँक एरन आणि बॅरी बाँड्स यांनी गाठला होता. ७०३ वर तो थांबला.

तेव्हा येत्या हिवाळ्यात एखाद्या पस्तिशीच्या खेळाडूला कोट्यवधी डॉलर मिळाल्याचं वाचलंत, तर त्याच्या वयावर हसण्याआधी पंचविशीतला त्याचा पगार बघा. म्हातारपणाचा वाटणारा तो मोबदला बहुतेकदा तरुणपणीची थकबाकी असते.