उणे वजनाची भिंत

किल्ल्यांचा जुडगा रबराला अडकवा, रबराचे दुसरे टोक हातात धरा आणि हात सावकाश खालीवर करा. जुडगा हाताबरोबर येतो. वेग वाढवीत जा. एका ठराविक लयीला तो वेड्यासारखा नाचू लागतो. त्याहूनही जलद हलवा, आणि गंमत पाहा : हात वर तर जुडगा खाली! ‘मेटामटेरियल’ असे भारदस्त नाव असलेल्या काही कृत्रिम पदार्थांचे सारे गुपित या उलट्या चालीत आहे.

इ. स. २००० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी १ सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांना २.५ मिलिमीटर जाडीचे सिलिकॉन रबराचे वेष्टन देऊन ते इपॉक्सीत ओळीने बसवले. ४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या ठोकळ्याने अडवला. नवल असे, की गोळ्यांमधले अंतर तरंगलांबीच्या जेमतेम शतांशाएवढे होते.

याचे गणित मांडताना शिसे म्हणजे वजन, रबर म्हणजे स्प्रिंग, इपॉक्सी म्हणजे बंद पेटी. बाहेरून ढकलणाऱ्याला गोळा दिसत नाही. पेटी किती जड लागते तेवढेच कळते. सावकाश ढकलली तर दोघांच्या वजनांची बेरीज. गोळ्याच्या स्वाभाविक कंप्रतेच्या किंचित वर गेले, की गोळा उलट्या दिशेने इतक्या जोरात धावतो, की पेटीचे वस्तुमान हिशेबात ऋण येते. आम्हा वाणिज्यवाल्यांना उणे शिल्लक ठाऊक आहे. उणे वजन मात्र नवे! अशा माध्यमात तरंग पुढे सरकत नाही, थोड्याच पेट्यांत विरतो. कंप्रता आणखी वाढवली की वाट पुन्हा मोकळी. सबंध भिंत सोडवीत बसावे लागत नाही. रचना एकसारखी असल्याने एका पेटीचे समीकरण पुरते. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ साली स्फटिकातील इलेक्ट्रॉनांसाठी वापरलेली युक्ती येथेही चालते.

मग भूकंप? २०१२ साली फ्रान्समध्ये ग्रेनोब्लजवळ जमिनीत ५ मीटर खोल भोके ओळीने पाडून ५० हर्ट्झचे पृष्ठतरंग मागे परतवले गेले. तेथे गोळे नव्हते. भोकांमधले अंतरच तरंगलांबीशी जुळवले होते. पण घरांना धोका असतो तो मुख्यतः १ ते १० हर्ट्झच्या कंपनांचा. तेथे तरंगलांबी कित्येक पटींनी वाढते, आणि भोकांमधले अंतरही. म्हणून ‘भूकंपापासून अदृश्य कवच’ असले मथळे मला घाईचे वाटतात. १९९३ साली किल्लारीला माणसे दगडमातीच्या जड घरांखाली सापडली. तेथे आधी भिंतींचाच विचार हवा होता. भोकांऐवजी गोळे पुरायचे म्हटले, तर मंद लयीसाठी ते प्रचंड वजनाचे किंवा अतिशय मऊ आधारावर बसवलेले लागतील. शिवाय ते एकाच पट्ट्यापुरते काम करणार, आणि भूकंपात अनेक कंप्रता एकदम येतात.