जुन्या थिएटरांतले कर्णे : कीर्ती कशाची, किंमत कशाची?

जुन्या, दुर्मीळ स्पीकर्सचा विषय निघाला की हौशी मंडळींत एक नाव हमखास येतं : वेस्टर्न इलेक्ट्रिक. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांसाठी बनवलेल्या या कर्ण्यांना आज काही लोक मोटारीएवढी किंमत मोजतात. हे नुसतं वेड आहे का? आमच्या मते यात काही भाग भौतिकशास्त्राचा आहे आणि काही दुर्मीळतेचा. हे दोन भाग वेगळे कसे ओळखायचे, ते आज आपण पाहू.

सुरुवात 1926 पासून करू. त्या वर्षी 6 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर ब्रदर्सनी ‘डॉन वॉन’ हा चित्रपट दाखवला. त्यात संवाद नव्हते. पण चित्राबरोबर तबकडीवरून संगीत वाजत होतं. आता अडचण बघा. हजारभर प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवायचा, आणि व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची ताकद मात्र जेमतेम काही वॅट! आज घरातल्या साध्या संचावरही याहून मोठा आकडा छापलेला असतो.

मग करायचं काय? वीज वाढवता येत नाही, तर आहे ती वाया जाऊ द्यायची नाही. साधा कागदी पडद्याचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शंभरातला एखादाच भाग आवाजात बदलतो. उरलेली उष्णता होते. कारण पडदा हलतो तेव्हा समोरची हवा बाजूला निसटते, तिच्यावर जोर बसत नाही. पडद्यासमोर अरुंद मान असलेला कर्णा लावला, की हवेला निसटायला जागाच राहत नाही. पडद्याचा जोर तिच्यावर नीट बसतो, आणि कर्णा हळूहळू रुंद होत तो आवाज मोकळ्या हवेत सोडतो. आपण तोंडाशी हातांची ओंजळ धरून हाक मारतो ना, तिथे थोडंफार हेच घडतं.

बेल लॅबमधल्या वेन्टे आणि थुरास यांनी या कर्ण्यासाठी 555 नावाचं ध्वनियंत्र बनवलं. त्यात अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा हलका पडदा आणि विजेवर चालणारं चुंबक होतं. विजेवरचं चुंबक अशासाठी, की तेवढं जोरदार कायमचं चुंबक तेव्हा सहज मिळत नव्हतं. नेहमीच्या स्पीकरच्या तुलनेत याची कार्यक्षमता दहापटींहून जास्त भरली. जाता जाता सांगतो, आजच्या अनेक स्पीकर्सच्या खोक्याला जे भोक असतं, त्या कल्पनेचं पेटंट 1932 मध्ये याच थुरासना मिळालं.

मग हे कर्णे दुर्मीळ का झाले? एक तर ही यंत्रणा थिएटरवाल्यांना विकत मिळत नसे, करारावर वापरायला दिली जाई. त्यामुळे ती बाजारात फारशी आलीच नाही. पुढे नवे स्पीकर आले, जुने मोडीत गेले. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले, तशी कार्यक्षमतेची निकडही संपली.

1970 च्या दशकात जपानमधल्या हौशी लोकांनी हे जुने कर्णे पुन्हा शोधून काढले. त्यांना 300बीसारख्या जुन्या व्हॉल्व्हचा आवाज आवडत होता. पण असा एक व्हॉल्व्ह देतो जेमतेम आठ वॅट. एवढ्यात भरघोस वाजणारा स्पीकर हवा, तर तो जुन्या थिएटरांतच सापडणार! म्हणजे 1926 ची अडचण आता हौसेने परत आली, आणि उत्तरही तेच निघालं. आज तर सोलमधल्या ‘ऑडियम’ या संग्रहालयात, 2024 पासून, असे स्पीकर मांडून ठेवलेले आहेत.

आता दुसरी बाजू. या कर्ण्यांतून माणसाचा आवाज अगदी समोर बसून बोलल्यासारखा येतो, असं ऐकणारे सांगतात. त्याला कारण आहे : पडद्याला फार हलावं लागत नाही, म्हणून आवाज कमी बिघडतो. पण 555 एकट्याने फार वरचे स्वर देऊ शकत नाही; झांजेची बारीक किणकिण त्यात हरवते. खर्जाचंही तसंच. 60 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त असते. तो नीट वाजवायचा तर कर्णा अवाढव्य हवा, आणि तो मावेल अशी खोलीही हवी. म्हणून जाणकार सोबत वेगळा ट्वीटर आणि खर्जासाठी वेगळा स्पीकर जोडतात. मग आपण ऐकतो ते किती जुनं आणि किती आजचं?

तेव्हा कोणी असा संच दाखवला, तर नावावर जाऊ नका. पडदा मूळचा आहे की बदललेला? चुंबकाला वीज देणारा संच सोबत आहे का? कारण त्याच्याशिवाय तो वाजणारच नाही. दोन्ही बाजूंचे नग सारखे वाजतात का? आणि तुमच्या ओळखीचं गाणं तिथे लावून ऐका. कार्यक्षमता मोजता येते, आवाज ऐकता येतो. दुर्मीळता मात्र फक्त किमतीत दिसते, कानाला ती ऐकू येत नाही.

आता प्रश्न घेऊया.