सोळा पूर्ण म्हणजे मोठ्यांचं कोर्ट?

पुण्याजवळ पौड किंवा हिंजवडीच्या हद्दीत मारामारी झाली आणि त्यात सतरा वर्षांचा पोरगा सापडला, की पारावर दोनच मतं ऐकू येतात. ‘अल्पवयीन आहे, काही होत नाही’ हे एक. ‘सोळा पूर्ण झालीत, आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार’ हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. पहिलं जास्त घातक, कारण तेच सांगून पोरांच्या हातात कोयते दिले जातात.

दुसऱ्या समजापासून सुरुवात करू. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सज्ञान म्हणून खटला चालवायचा तर मुलाने सोळा वर्षं पूर्ण केलेली असावी लागतात आणि गुन्हा ‘निर्घृण’ असावा लागतो. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा. खून त्यात बसतो. कोयत्याने केलेला खुनाचा प्रयत्न बसत नाही. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान मुदत ठरलेली नाही. असे गुन्हे ‘गंभीर’ धरायचे, निर्घृण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तिथे लावलेल्या सदोष मनुष्यवधालाही किमान सात वर्षांची अट नाही. आरोपीवर सज्ञान म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. लोकांचा संताप मला समजतो, पण संतापाने कलम बदलत नाही.

गुन्हा निर्घृण असला तरी आधी हे मंडळ मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासतं. तिथून प्रकरण बाल न्यायालयात गेलं, तरी ते न्यायालय पुन्हा स्वतः ठरवतं.

आता ‘काही होत नाही’चं पाहू. सज्ञान म्हणून दोषी ठरलेल्या मुलाला एरवीच्या तीन वर्षांच्या मर्यादेहून जास्त शिक्षा होऊ शकते. फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो तुरुंगात नाही, ‘सुरक्षित स्थानी’ राहतो. तिथे शिक्षण, समुपदेशन आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल. एकवीस पूर्ण झाल्यावरही शिक्षा उरलेली असेल, तर न्यायालय त्याच्यात खरा बदल झालाय का ते पाहतं. झाला असेल तर देखरेखीखाली सुटका, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

आणखी एक. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, अटकेच्या किंवा निकालाच्या दिवशीचं नव्हे. त्यासाठी आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तेव्हा येरवड्याला बाल न्याय मंडळापुढच्या पहिल्या हजेरीलाच दाखला सोबत न्या. वकिलासाठी जमीन गहाण टाकायची गरज नाही. मुलाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो.