दम आधी वाढतो, हाडे मागून येतात

पहाटेचे साडेपाच. भिवंडीत यंत्रमागांची रात्रपाळी अजून सुटायची असते आणि वऱ्हाळादेवी तलावाच्या बाजूला मुले-मुली धावायला लागलेली असतात. पोलीस भरतीची जाहिरात आली की ही गर्दी वाढते. तीन-चार आठवड्यांनी त्यातले काही चेहरे दिसेनासे होतात. कुणाची नडगी दुखते, कुणाचा गुडघा सुजतो. ‘दम चांगला वाढला होता, नेमका तेव्हाच पाय गेला,’ अशी तक्रार दरवेळी ऐकू येते. यात नशिबाचा भाग कमी आणि शरीरशास्त्राचा जास्त आहे.

भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. खेळाच्या भाषेत ही मध्यम पल्ल्याची शर्यत. वेग आणि दम दोन्ही मागणारी, म्हणून शरीराला सगळ्यात जास्त पिळणारी. त्यासाठी शरीर कसे घडते हे समजून घ्यायचे तर आपल्याच राज्यातल्या एका धावपटूची कारकीर्द पाहावी.

अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा, शेतकरी कुटुंबातला मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचा उन्हाळा दोन्ही त्याने सोसले. स्पर्धेच्या धावण्याकडे तो वळला २०१५ मध्ये, म्हणजे विशीत. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवले. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या सीमेवरची ही शर्यत. साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. पुरुषांसाठी अडथळा सुमारे ९१ सेंटिमीटर उंच असतो आणि पाय लागला तरी पडत नाही. पडतो तो धावपटू.

२०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई क्रीडा स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेसह रौप्य. सुवर्ण हुकले अवघ्या पाच शतांश सेकंदाने. त्याआधीच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

आता हिशेब करा. ८:२९.८० पासून ८:०९.९१ पर्यंत यायला सहा वर्षे लागली. कमाई वीस सेकंदांहून थोडी कमी, म्हणजे फेरीमागे अडीच-पावणेतीन सेकंद. सैन्याची शिस्त, राष्ट्रीय शिबिर आणि अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंचीवरचा सराव, एवढे सगळे हाताशी असूनही.

वेळ का लागतो? धावायला लागल्यावर शरीरातले सगळे अवयव एकाच गतीने बदलत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते. काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. यालाच आपण ‘दम वाढला’ म्हणतो. हाडे आणि स्नायूबंध मात्र सावकाश बदलतात. ताण पडला की शरीर हाडाचा जुना थर आधी खरवडून काढते आणि मग नवा भरते. हे काम पुरे व्हायला महिने लागतात, आणि मधल्या काळात हाड उलट थोडे कमजोर असते. नेमके तेव्हाच वाढलेल्या दमाच्या जोरावर मुलगा अंतर दुप्पट करतो. नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो तो असा.

दुसरी गल्लत वेगाची. १६०० मीटरला पाच-सहा मिनिटे लागतात आणि त्यातली बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते. म्हणून तयारीचा मोठा भाग सावकाश धावण्याचाच हवा. सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथपणे. रोज घड्याळ लावून जीव तोडून धावल्याने पाया बनत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस वेगाचे पुरेत, एक दिवस पूर्ण विश्रांतीचा हवा. अंतर आठवड्याला थोडे-थोडेच वाढवावे. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजावी. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी पळू नये.

भिवंडीकरांसाठी आणखी एक गोष्ट. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो; जोरात धावणारा शंभर लिटरच्या वर. ट्रकच्या धुरातून धावले तर तो धूरही त्याच पटीत आत जातो. त्यामुळे गोदामांचा रस्ता टाळून मैदान किंवा आतला रस्ता निवडावा. मागावर काम करणाऱ्यांच्या छातीत सुताची बारीक धूळ आधीच जात असते. पाळीत तोंडाला मास्क लावावा आणि रात्रपाळी करून थेट धावायला न जाता आधी झोप घ्यावी. मुलींनी तयारी सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. स्नायूंपर्यंत ऑक्सिजन तेच वाहून नेते. ते कमी असेल तर कितीही धावले तरी दम वाढत नाही.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. धावताना छातीत दुखले, चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढल्याशिवाय पुढे धावू नये. ताप असताना, वेदनाशामक गोळी घेऊन किंवा कुणी दिलेले ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचून धावणे म्हणजे जिवाशी खेळ.

मे २०२५ मध्ये अविनाशने गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकले. सुमारे दीड महिन्याने मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा जोराने धावायला साधारण नऊ महिने तरी जातात. आधी चालणे, मग मांडीच्या स्नायूंत ताकद, मग संथ धावणे. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेल्या पायालाही हा क्रम चुकत नाही.

म्हणून तलावाकाठच्या मुला-मुलींना एवढेच सांगणे: जाहिरातीची वाट पाहू नका. सहा-आठ महिने आधी, सावकाश सुरुवात करा. दम लवकर येईल. हाडांना मागून येऊ द्या.